नाशिक ते श्रीनगर: पाऊस आणि बर्फ दोन्हीसाठी दहाचाकीला कोणते टायर?

निफाड लाइन
नमस्कार मंडळी. गाडी दहाचाकी, पासिंग २८ टन (मालासकट मान्य वजन), मागचा शेवटचा एक्सल लिफ्टचा (उचलता येणारा). सगळीकडे १०.००आर२०, १६ प्लाय (टायरच्या ताकदीचा दर्जा), ट्यूबचे रेडियल. पुढे रिब (गोल फिरणाऱ्या खाचांचा), मागे आडवा लग (आडव्या जाड दातांचा), त्यातले चार रिट्रेड (जुन्या टायरवर नवा थर चढवलेले). डिसेंबरअखेर टायर बदलायचे आहेत. जानेवारी ते मार्च पिंपळगाव बसवंत आणि निफाडची द्राक्षं जम्मू-श्रीनगरला, येताना शीतगृहातलं सफरचंद. जूनपासून हीच गाडी कसारा घाटातून भिवंडी लाइनला. म्हणजे एकाच सेटवर बर्फ, चार महिन्यांचा पाऊस आणि मधे धुळ्याकडचा मे महिना. मागे लगच ठेवावा की पॅटर्न बदलावा? बर्फाचे वेगळे टायर घ्यावेत का? बर्फात चाकाला लावायच्या साखळ्या कोणत्या? ट्यूबलेसला जावं का? दोन पूर्ण सेट ठेवणं परवडणार नाही, एवढं गृहीत धरून सांगा.

अंबड वर्कशॉप
पॅटर्नवर यायच्या आधी वजनाचं बघा, कारण ते चुकलं तर बाकी सगळी निवड वाया जाते. टायरच्या बाजूवर १४६/१४३के असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडीसाठी. १४६ म्हणजे एका टायरला ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. के म्हणजे ताशी ११० किमी.

आता हिशोब. मागच्या आठ टायरना २७२५ प्रमाणे २१.८ टन, तिथे काळजी नाही. पुढच्या दोनांना मात्र फक्त ६ टन. द्राक्षाचे क्रेट केबिनपर्यंत रचले की पुढचा एक्सल सहज याच्या वर जातो. वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवून वेगळं वजन घ्या. ६ टनांच्या वर असेल तर पुढे १४९ (३२५० किलो) किंवा त्याहून जास्त आकड्याचा टायर लागेल. १०.००आर२० मध्ये १८ प्लायचा तो मिळतो. नुसतं "सोळा प्लाय, अठरा प्लाय" विचारू नका, आकडा वाचून घ्या.

पुढचा टायर जास्त दबला की खांदे आधी घासतात. पाणी बाहेर ढकलायला खांदाच लागतो, त्यामुळे मधे खोली दिसत असूनही पावसात स्टिअरिंग हलकं पडायला लागतं.

उत्तर लाइन
लगबद्दल. जम्मू-श्रीनगर वाटेवरच्या बनिहालच्या अलीकडे-पलीकडे बर्फ पडला की आडवा लग ओढून नेतो, तिथल्या बऱ्याच गाड्या लगवरच असतात. मला तरी मागे लग काढायचं कारण दिसत नाही.

रबरमिस्त्री
उत्तर लाइन भाऊ, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ताजा, भुसभुशीत, पायाचा घोटा बुडेल एवढा बर्फ असेल तिथे लगचे खोल दात बर्फ पकडतात. खाचेत दाबून बसलेला बर्फ आणि रस्त्यावरचा बर्फ एकमेकांना धरतात, पकड त्यातून येते. पण जम्मू-श्रीनगर महामार्गावर बर्फ हटवायची यंत्रं फिरतात. आपल्या गाड्यांच्या वाट्याला मोकळा बर्फ कमी येतो, दाबून कडक झालेला थर आणि रात्री गोठलेलं पाणीच जास्त येतं. त्यावर लगचा मोठा, सलग, कडक रबराचा ठोकळा घसरतो. तिथे कडा हव्यात, म्हणजे ठोकळ्यांवर कापलेल्या बारीक चिरा. एका मोठ्या ठोकळ्याला चारच कडा, त्याच जागेत चिरा असलेले लहान ठोकळे घेतले तर कडा कितीतरी पटीनं वाढतात.

आणि पावसात तर आडवा लग महामार्गासाठी चुकीचाच. त्याला बहुतेक वेळा मधून गोल फिरणारी खाच नसते. टायरच्या मधल्या भागाखालचं पाणी पूर्ण रुंदी ओलांडून बाजूला जायला हवं, आणि ताशी ६०-७० किमीला त्याला तेवढा वेळ मिळत नाही. लग खाणीसाठी, डंपरसाठी, कच्च्या रस्त्यासाठी आहे. आपल्याकडे तो महामार्गावर चालतो तो टिकतो म्हणून, पकडीसाठी नाही.

माझं मत असं:

पुढे: चार गोल खाचांचा रिब, नवा, कडांवर बारीक चिरा असलेला. रिट्रेड पुढे अजिबात नको.

ड्राइव्ह एक्सलचे (इंजिनची ओढ मिळणाऱ्या) चार: ठोकळ्यांचा पॅटर्न, खांदा उघडा, मधे किमान दोन गोल खाचा, नव्यात १८ मिमीच्या वर खोली. कंपन्यांच्या यादीत हे "रीजनल" किंवा "ड्राइव्ह" म्हणून असतात. "माइनिंग" किंवा "ऑन-ऑफ" लिहिलेलं घेऊ नका.

लिफ्ट एक्सलचे चार: रिब किंवा सर्व जागी चालणारा पॅटर्न. इथे चांगल्या केसिंगवरचं (टायरच्या मूळ सांगाड्यावरचं) कोल्ड रिट्रेड (तयार पट्टी चिकटवलेलं) चालेल. मात्र या एक्सललाही ब्रेक आहेत हे विसरून गुळगुळीत झालेले टायर इथे संपवायची सवय वाईट. पावसात तीच चाकं आधी लॉक होतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला जातो.

निफाड लाइन
धन्यवाद. मग खास बर्फाचे टायर नकोच?

रबरमिस्त्री
चिन्हं समजून घ्या. एम+एस म्हणजे चिखल आणि बर्फ. हे कंपनी पॅटर्नच्या रचनेवरून स्वतः छापते, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असेल तर तो टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीतून गेलेला असतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यात नुसतं एम+एस चालत नाही, डोंगराचं चित्रच लागतं. आपल्या बाजारात ट्रकच्या साइझमध्ये ते चित्र सहसा दिसत नाही, आणि बाहेरून आलेला टायर आयएसआय मार्कशिवाय घेऊ नये.

समजा मिळाला, तरी तुमच्या वापराला तो बसत नाही. त्याचं रबर थंडीत मऊ राहावं असं बनवलेलं असतं, साधारण ७ अंशांच्या खाली त्याचा खरा फायदा. तेच रबर मे महिन्यात धुळे-शिरपूरच्या तापलेल्या डांबरावर भरल्या गाडीखाली झपाट्यानं झिजतं आणि ठोकळ्यांचे तुकडे उडतात. एकाच सेटवर वर्ष काढायचं असेल तर एम+एस असलेला रीजनल पॅटर्न आणि सोबत साखळ्या.

घाट विभाग
खोलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खाचेत उंचवटा असतो, झिजेची खूण, तो १.६ मिमीचा. टायर तिथपर्यंत आला की बाद. पण पाऊस आणि बर्फासाठी तो आकडा फार उशिराचा आहे. ऑस्ट्रियात साडेतीन टनांवरच्या गाड्यांना हिवाळ्यात ड्राइव्ह एक्सलवर हिवाळी टायर लागतात, आणि रेडियल ५ मिमीच्या खाली, नायलॉन (तिरप्या धाग्यांचा) ६ मिमीच्या खाली गेला की तो हिवाळी टायर धरतच नाहीत. हा आकडा आपणही वापरावा. माझे नियम: डोंगरात चढताना ड्राइव्हवर किमान ८ मिमी, पावसाळ्यात पुढे किमान ५, मागे किमान ४.

मोजायचं ते खोली-गेजनं, ते स्वस्त मिळतं. एका टायरवर तीन ठिकाणी, १२० अंशांच्या अंतरानं, आतली-मधली-बाहेरची खाच वेगवेगळी. गेजची पिन झिजेच्या उंचवट्यावर टेकवू नका. सगळ्यात कमी आलेला आकडा खरा, सरासरी काढायची नाही.

आणि टायर डिसेंबरमध्येच बदला, हा तुमचा विचार अगदी बरोबर आहे. पूर्ण खोली बर्फात मिळते, आणि जूनमध्ये इगतपुरीचा पाऊस सुरू होतो तेव्हाही पुरेशी शिल्लक असते. उलट जूनला नवे टाकले तर बर्फात अर्धे झिजलेले जातात.

शिलापूर
रिकाम्या गाडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो सुटतोय. भरलेल्या ट्रकचा टायर ११० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) पाण्यावर तरंगत नाही, निदान आपल्या वेगात नाही. वजन आणि हवा पाणी चिरून खाली टेकतात. रिकाम्या गाडीत हवा तेवढीच, वजन मात्र एक चतुर्थांश-एक तृतीयांश. टायरचा जमिनीवरचा ठसा आखूड होतो, फक्त मधली पट्टी टेकते, आणि पाणी त्याला सहज उचलतं. भिवंडीहून रिकामी परत येणारी गाडी जुलैत घसरते ती यामुळे. ट्रकला पाण्याचा धोका भरल्यावर जास्त असं समजणं उलटं आहे.

उपाय: लिफ्ट एक्सल वर उचला, म्हणजे उरलेल्या चाकांवर वजन वाढतं. खड्ड्यात साचलेल्या किंवा रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्यात ५० च्या खाली. आणि रिकाम्या गाडीत ओल्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) एकदम लावू नका. तो फक्त ड्राइव्ह चाकांना रोखतो, आणि हलकी मागची चाकं तेवढ्यानंही सुटतात. आधी गिअर खाली, मग पायाचा ब्रेक हलक्या दाबानं.

निफाड लाइन
हवेबद्दल विचारायचंच होतं. तिकडे काही जण बर्फात हवा कमी करा म्हणतात.

अंबड वर्कशॉप
भरल्या ट्रकची हवा कमी करू नका. वाळूत जीप काढताना ती युक्ती चालते. इथे ठसा थोडा वाढतो, पण बाजूची भिंत जास्त वाकते, टायर तापतो, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिंगमधली रबरी पट्टी) घासतात, आणि जोडीतले दोन टायर वजनानं फुगून एकमेकांना टेकतात. साखळी लावलेली असेल तर ती आतल्या टायरची भिंत कापते.

खरं तर तिकडे हवा आपोआपच कमी होते, आणि तेच लक्षात येत नाही. तापमान १० अंश उतरलं की ११० पीएसआयच्या टायरमध्ये साधारण ४ पीएसआय कमी होतात. नाशिकला दुपारी ३० अंशांत थंड टायरवर ११० भरले. बनिहालला रात्री उणे २. तिथे गेज ९८-९९ दाखवेल, उंचीमुळे मिळणारा दीड-दोन पीएसआयचा फायदा धरूनसुद्धा. टायर पंक्चर नाही, गळत नाही, तरी ११ पीएसआय गेले. टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हे कळत नाही, गेजच लागतो.

म्हणून जम्मूला सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना, मोजून ११० करा. तिथून वर थोडेच कमी होतील. वरच पुन्हा भरावी लागली तर परतीच्या वाटेवर पठाणकोट-अंबाल्याकडे थंड टायरवर तपासा. उणे २ ला भरलेले ११० नाशिकच्या ३० अंशांत १२२ च्या आसपास जातात. गरम टायरची हवा मात्र कधीच सोडू नका. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही, तोही थंडीत तेवढाच आकसतो.

जोडीचंही सांगतो. दोन टायरच्या खोलीत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मोठा टायर जास्त वजन घेतो, लहान ओढला जाऊन घासतो, आणि निसरड्यावर एकाच बाजूची पकड जाते. फरक टाळता येत नसेल तर मोठा बाहेर लावा. रस्ता मधे उंच असल्यामुळे आतल्या टायरवर मुळातच जास्त भार येतो. एकाच एक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळणं तर पूर्ण बंद.

उत्तर लाइन
लगबद्दलचं पटलं. साखळीचं मी लिहितो.

गोठलेल्या पाण्यावर कुठलाच रबरी टायर ट्रकला धरत नाही, नवा असो की तीन शिखरांचा. तिथे साखळीच. २०२१ मध्ये काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यावर जवाहर बोगद्याची उंच चढण टळली, पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांना बर्फ पडतोच. आतून कोरडी गाडी बाहेर येते ती थेट गोठलेल्या उतारावर, म्हणून तोंडाच्या आधीच वेग २० वर आणा.

घ्यायची कशी: टायरवर छापलेल्या साइझचीच. १०.००आर२० चा व्यास सुमारे १०५ सेमी, २९५/९०आर२० चा त्याहून सेमीभर कमी. "ट्रकला बसते" एवढ्यावर घेऊ नका, सैल साखळी मडगार्ड आणि ब्रेकचा हवेचा पाइप तोडते. किमान एक जोडी, ड्राइव्ह एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या टायरला. लिफ्ट एक्सलला लावून काही उपयोग नाही, तिथे इंजिनची ओढ नाही. जोडीतल्या दोन्ही टायरवर बसणारी तीन पट्ट्यांची साखळी जास्त चांगली, पण जड, आणि ड्रायव्हर-क्लीनर दोघं लागतात.

लावायची पद्धत:
सपाट जागा, रस्त्याच्या बाहेर. हँडब्रेक, पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओट (पाचर).
साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. हुकांची उघडी तोंडं टायरच्या उलट दिशेला, बाहेर. आत राहिली तर भिंत फाडतात.
टायरवरून टाकून आडव्या कड्या समान अंतरावर आणा, मग गाडी अर्धा फेरा पुढे घ्या.
आतला हुक आधी, बाहेरचा नंतर. उरलेली शेपटी तारेनं बांधा, लोंबती ठेवू नका.
शंभर-दोनशे मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्या वेळी साखळी सैल होतेच. ही पायरी गाळल्यानंच बहुतेक साखळ्या तुटतात.

वेग ३०, फार तर ४०. डांबर दिसायला लागलं की काढा, कोरड्या रस्त्यावर ती स्वतःही तुटते आणि टायरही खाते. सोबत जाड हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला ताडपत्रीचा तुकडा, डोक्याचा टॉर्च, दोन जास्तीचे जोडदुवे आणि पक्कड ठेवा. आणि नाशिकलाच उन्हात एकदा लावून बघा. उणे तापमानात, अंधारात पहिल्यांदा पाकीट फोडलं की तास जातो आणि मागे रांग लागते.

एक मर्यादा मात्र मनात ठेवा. साखळी मागे असली की गाडी ओढते, वळायला पुढची चाकं बिनसाखळीचीच असतात. उतारावर वेग वाढला तर स्टिअरिंग फिरतं आणि गाडी सरळ जाते.

घाट विभाग
चढावर ड्राइव्ह चाकं नुसती फिरत असतील तर लिफ्ट एक्सल उचलून ड्राइव्हवर वजन आणता येतं, पण भरल्या गाडीत तेवढे मीटर निघेपर्यंतच. सगळा मागचा भार चार टायरवर येतो, म्हणजे वर सांगितलेल्या २७२५ च्या हिशोबानं जेमतेम ११ टन. निघाल्यावर लगेच खाली. डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची ड्राइव्ह चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर तो थांबलेल्या किंवा अगदी हळू गाडीतच लावा, चाक फिरत असताना नाही, आणि वळणावर काढा.

टायरबाहेरचं एकच: संध्याकाळी गाडी लावली की हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडा. ते गोठलं की सकाळी ब्रेक सुटत नाहीत.

निफाड लाइन
ट्यूबलेसचं राहिलं.

रबरमिस्त्री
फायदा खरा आहे. ट्यूब नाही, फ्लॅप नाही, घाटात टायर कमी तापतो, खिळा लागला तर हवा हळू जाते, एकदम फुटत नाही. पुढच्या चाकाला ही गोष्ट फार मोलाची. पण २० इंची रिंगवर ट्यूबलेस बसत नाही, २२.५ ची डिस्क लागते. म्हणजे दहा डिस्क आणि स्टेपनीची अकरावी, सोबत २९५/८०आर२२.५ सारखा टायर. त्यात १५२/१४८ मिळतो, म्हणजे पुढच्या एक्सलला ७.१ टन, तुमचा पहिला प्रश्नच सुटतो. आधी गाडीच्या कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलला ती साइझ मान्य आहे का ते बघा, नाहीतर पासिंगला आणि विम्याला अडचण. डिस्क बदलल्यावर जोडीतली फट मोजा. आणि खड्ड्यात डिस्कची कड वाकली की ट्यूबलेस गळतो, ती ठोकून सरळ करून वापरू नका.

पूर्ण बदल यंदा जमत नसेल तर निम्मा करू नका, कारण रस्त्यात एकच स्टेपनी सगळीकडे चालायला हवी. ट्यूबवर राहणार असाल तर प्रत्येक नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप. जुन्या फ्लॅपची कड कडक होऊन ट्यूब चिमटते, आणि नवा टायर रस्त्यात फुटला म्हणून दोष कंपनीला जातो.

घेताना बनावटीची तारीख बघा: चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. अकरा टायर एकाच गठ्ठ्यातले मिळतील असं नाही, पण जोडीतले दोन तरी जवळच्या तारखेचे घ्या.

शिलापूर
आणखी एक विचारून घ्या. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं एआयएस-१४२ मानक नव्या डिझाइनना १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे, ट्रकचे टायरही त्यात येतात. दुकानात एखादा जुना साठा स्वस्तात देऊ करत असेल तर टायर कधीचा आणि कोणत्या डिझाइनचा, हे विचारा. आपल्या लाइनला पावसाळा चार महिने आहे, तिथे काही हजार वाचवण्यात अर्थ नाही.

निफाड लाइन
मंडळी, मनापासून आभार. उद्या आधी काट्यावर पुढचा एक्सल मोजतो. ६ टनांच्या वर असेल तर पुढे १४९, ड्राइव्हला एम+एस ठोकळा पॅटर्न चार, लिफ्टला पुढचे निघालेले रिब दोन आणि त्यांच्या खोलीला जुळणारं रिट्रेड दोन, सगळ्यांना नवी ट्यूब-फ्लॅप. साखळीची एक जोडी. ट्यूबलेस पुढच्या वर्षी, पूर्ण गाडीला.

अंबड वर्कशॉप
लिफ्टवर रिब-रिब एका बाजूला आणि रिट्रेड-रिट्रेड दुसऱ्या बाजूला, अशा जोड्या लावा. एका जोडीत मिसळू नका. पुढचे निघालेले ५ मिमीच्या खाली असतील तर तेही नकोत, चारही रिट्रेडच घ्या. टायर बसवल्यावर पुढचं अलाइनमेंट करून घ्या, आणि ५० ते १०० किमीवर सगळे नट पुन्हा आवळा. आडगावहून निघालात तर चांदवडला थांबून होईल.